इलेक्ट्रिक गाडीचा एसी नीट थंड करत नाहीये? गॅस भरायच्या आधी हे बघून घ्या

एसी जरा कमी पडायला लागला की कोणीतरी म्हणतंच, गॅस संपला असेल, भरून घे. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, सगळं बंद सर्किट असतं, त्यामुळे तो कमी झालाय म्हणजे कुठून तरी लीक आहे आणि लीक न शोधता भरलेला गॅस परत जाणारच. आणि इलेक्ट्रिक गाडीत गॅसशी काहीच संबंध नसलेली कारणंही भरपूर असतात, म्हणून आधी ती बघायची.

सगळ्यात आधी एक ठरवा, हवाच कमी येतेय की हवा भरपूर येतेय पण गार नाहीये. या दोन पूर्ण वेगळ्या तक्रारी आहेत. हवा कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा, बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हातानेच निघतो. काळा पडला असेल, पानं-धूळ अडकली असेल तर सरळ नवीन टाका, झटकून परत बसवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला मस्त गार हवा येते आणि काही वेळाने हवेचा जोरच कमी होतो, एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत नीट, असं होत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय, मग फिल्टर, ब्लोअर आणि कॉइलचा टेम्परेचर सेन्सर हे तिन्ही तपासून घ्या.

हवा भरपूर आहे पण गार नाही, तर अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजा. गाडी सावलीत, दारं-काचा बंद, टेम्परेचर सगळ्यात कमी, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणारं बटण) चालू, आणि मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर खोचून दहा मिनिटं थांबा. साधारण ५ ते १० अंश आलं तर एसी ठीक आहे, बाहेर खूप ऊन आणि दमट असेल तर थोडं जास्त येणं चालतं. हेच सगळं इको मोड बंद करून परत करा, कारण बऱ्याच गाड्यांत इको मोड एसीची पॉवर कमी करतो, बॅटरी फार उतरली असेल तेव्हाही तेच होतं, आणि लोकं उगाच मेकॅनिककडे पळतात.

आता इलेक्ट्रिक गाडीची खरी गंमत. इथे कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून सर्किटमध्ये फिरवणारा पंप, बेल्टवर नाही तर हाय व्होल्टेज बॅटरीवर चालतो, आणि बऱ्याच गाड्यांत तोच कॉम्प्रेसर चिलरमधून (एसीच्या गॅसने बॅटरीचं कूलंट गार करणारा भाग) बॅटरीलाही गार करतो. म्हणजे फास्ट चार्जिंग चालू असताना किंवा लांबचा हायवे मारल्यावर बॅटरी तापली असेल तर गाडी आधी बॅटरीला गारवा देते, उरलेला तुम्हाला. फक्त तेव्हाच एसी ढिला पडत असेल तर बहुतेक वेळा तो बिघाड नाही. पण बॅटरी थंड असतानाही, सकाळी सकाळी पहिल्यांदा गाडी काढल्यावर तीच बोंब असेल तर चिलरकडे जाणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का हे तपासायला सांगा, हे स्कॅनर लावून कळतं.

स्क्रीनवर एसी किती पॉवर घेतोय ते दिसत असेल तर तो आकडा फार कामाचा आहे. तापलेली गाडी गार करताना सुरुवातीला एक-दोन किलोवॅट, कधी त्याहून जास्त, आणि मग हळूहळू कमी, हे नॉर्मल. आकडा जवळपास शून्यच असेल तर कॉम्प्रेसर चालूच होत नाहीये, मग कारण गॅस फार कमी, एखादा सेन्सर किंवा इलेक्ट्रिकल फॉल्ट. आकडा मोठा आहे आणि हवा कोमट, तर कॉम्प्रेसर राबतोय पण उष्णता बाहेर पडत नाहीये किंवा हीटर मध्येच चालू राहतोय.

उष्णता बाहेर टाकतो तो पुढचा कंडेन्सर. गाडी उभी असताना एसी कोमट आणि पळायला लागली की गार, हे लक्षण असेल तर आधी पंखा फिरतोय का ते बघा, मग कंडेन्सरच्या जाळीत किडे-चिखल साचलाय का ते. उलट पळतानाच कमी पडत असेल तर ग्रिलचे उघडझाप होणारे शटर बंदच अडकलेत का बघा. जाळी धुताना साध्या पाइपने हळू पाणी मारा, प्रेशर वॉशर जवळून मारला की बारीक पत्र्या वाकतात. गाडी पूर्ण बंद आणि चार्जर काढलेला हवा, नाहीतर पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, बोटं सांभाळा.

इथपर्यंत घरी करता येतं. यापुढे नाही. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, त्यात शेकडो व्होल्ट असतात, कॉम्प्रेसरचं काम हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसानेच करायचं.

गॅसचं काम निघालंच तर समोर उभं राहून दोन गोष्टी विचारा. पहिली, तेल कुठलं टाकणार? इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये मोटर त्याच तेलात आणि गॅसमध्ये असते, म्हणून त्याला करंट न वाहणारं तेल लागतं, बहुतेक गाड्यांत पीओई नावाचं. पेट्रोल-डिझेल गाड्यांचं नेहमीचं पीएजी तेल थोडं जरी आत गेलं, अगदी मशीनच्या पाइपात आधीच्या गाडीचं राहिलेलं, तरी इन्सुलेशन फॉल्ट येऊन गाडी चालूच न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. दुसरी, गॅस किती ग्रॅम? बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार, आर-१३४ए की आर-१२३४वायएफ, आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं, तेवढंच वजनावर भरायचं, गेजच्या काट्याकडे बघून टॉप-अप नको, कारण जास्त झाला तरीही एसी कमीच थंड करतो. आधी जुना गॅस काढून मोजायला लावा, स्टिकरच्या वजनाएवढाच निघाला तर दोष दुसरीकडे आहे. कमी निघाला तर नायट्रोजनने लीक शोधून दुरुस्त, मग व्हॅक्यूम, म्हणजे सर्किटमधली हवा-ओलावा खेचून काढणं, तो टिकतोय का ते बघणं, आणि शेवटी गॅस. लीक बंद करणारं केमिकल मात्र अजिबात टाकू देऊ नका, व्हॉल्व्ह चोंदतात.

कॉम्प्रेसरच बदलायची वेळ आली आणि जुना आतून घासून गेला असेल तर त्याचा चुरा पूर्ण सर्किटभर पसरलेला असतो. अशा वेळी ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस बारीक सोडणारा) नवीन, बऱ्याचदा कंडेन्सरही, आणि चिलरची लाइन साफ करायला विसरू देऊ नका, नाहीतर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरमध्ये जाणार.