बाळंतपणाच्या रजेनंतर नोकरी सोडायचीय? आधी राजीनाम्यावरची तारीख ठरवा

नाशिकमध्ये सातपूर-अंबडचा कारखाना असो की कॉलेज रोडवरचं ऑफिस, घोळ एकाच जागी होतो. राजीनामा रजेआधी किंवा रजेच्या मध्यावर दिला जातो आणि उरलेल्या आठवड्यांचे पैसे अडकतात.

अपेक्षित प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत तिथे ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८ घेता येतात. दोन मुलं असताना तिसऱ्यासाठी १२ आठवडेच. २६ आठवड्यांची ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली आली, आता सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच आहे.

पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी) कापली जात असेल तर पैसे कंपनी देत नाही, महामंडळ थेट बँक खात्यात भरतं. मागच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ठेकेदाराकडे असाल तर हे आधीच तपासा. पगारातून कापलेली वर्गणी भरलीच नसल्याचं ऐनवेळी कळतं.

कंपनी देणार असेल, तर रजेआधीच्या तीन महिन्यांत जितके दिवस काम केलं, त्यांचा सरासरी एका दिवसाचा पगार काढतात. बिनपगारी सुट्ट्यांमुळे तो घटत नाही. त्याला १८२ दिवसांनी गुणायचं, रविवार धरून. ९०० रुपये रोज असेल तर १,६३,८०० रुपये. रविवार गाळले की १,४०,४०० वर बोळवण होते. प्रसूतीआधीचे पैसे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ, बाकीचे प्रसूतीचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. जन्मदाखला घर ज्या भागात आहे तिथे शोधू नका. हॉस्पिटल महापालिकेच्या ज्या विभागात, तिथल्या विभागीय कार्यालयात मिळतो.

आता तारखा. रजा सोमवारी १ जून २०२६ ला सुरू झाली, तर १८२ वा दिवस रविवार, २९ नोव्हेंबर. नोटीस ३० दिवसांची असेल तर ३० नोव्हेंबरला राजीनामा द्या, शेवटचा दिवस २९ डिसेंबर. नोटीस रजेतच धरून घ्यायची असेल तर एचआरची लेखी संमती हवी, तोंडी ‘चालेल मॅडम’ पुरत नाही. नवी नोकरीही ३० नोव्हेंबरआधी धरू नका. रजेत दुसरीकडे काम केलं तर तेवढ्या काळाचा हक्क जातो, आणि पीएफच्या यूएएन क्रमांकावर दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा दिसतातच.

‘परत आला नाहीत तर रजेचा पगार परत करा’ असं सांगतात. कायद्यात अशी अट नाही. कंपनीने स्वतःहून दिलेल्या जास्तीच्या रजेचं वेगळं. तिथे नेमणूकपत्र वाचा. उलट, रजेवर असताना कंपनी तुम्हाला काढू शकत नाही. ‘तुम्हीच राजीनामा द्या’ असा फोन आला तर ते मेलवर कळवायला सांगा. बहुतेकदा विषय तिथेच थांबतो. नाही थांबला तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात पगार स्लिप, रजेचा अर्ज आणि डिस्चार्ज कार्ड जोडून लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.

नेमणुकीची तारीखही एकदा बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात आणि ही २६ आठवड्यांची रजा त्यात धरली जाते. दोन महिने कमी पडत असतील, तर तेवढे काढून मगच राजीनामा द्या.