गाडी तापतेय? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला की आधी एसी बंद करा, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल स्पीडला टाका. आत उकडेल पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता बाहेर काढतो. तरी काटा उतरत नसेल तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "आता जवळच आलोय, पोचू तसंच" असं कृपया करू नका, ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) एकदा वाकलं की शंभर रुपयाच्या पाईपचं काम इंजिन उघडण्यावर जातं. अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, कूलंट (इंजिन गार ठेवणारं लिक्विड) सगळंच गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. म्हणजे वर गेलेला काटा अचानक खाली आला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली तर सुटलो असं समजू नका, लगेच थांबा.

गरम असताना रेडिएटरची किंवा कूलंटच्या टाकीची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही. सिस्टीममध्ये साधारण 1 बार प्रेशर असतं, म्हणूनच कूलंट 100 अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण फिरवलं की प्रेशर सुटतं आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. वरचा होज पाईप गार झाला आणि दाबल्यावर मऊ लागला की मगच उघडा.

आता निदान. खूप जण सरळ थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलतात, मग रेडिएटर, मग पंप, आणि गाडी तापतेच. त्यापेक्षा स्वतःला दोनच प्रश्न विचारा, गाडी तापते कधी आणि कूलंट कमी होतंय का.

ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि पळवली की ठीक होते, तर संशय फॅनवर घ्या. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा छोटा स्विच (फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा), आणि शेवटी मोटरला डायरेक्ट बॅटरीचा करंट द्या. डायरेक्टवर फिरली म्हणजे मोटर चांगली आहे, दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरमध्ये. हे करताना हात पात्यांपासून लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक चालू होतो.

उलट हायवेला किंवा घाटात तापते आणि उभी असताना ठीक असते, तर कूलंटचा किंवा हवेचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून गाळाने भरलेला, किंवा एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधे किडे आणि कचरा अडकलेला (हे पुढून दिसतच नाही, टॉर्च मारून बघा), किंवा वॉटर पंपाचा इम्पेलर (कूलंट ढकलणारी पाती) झिजलेला, किंवा खालचा होज पाईप जास्त आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होतोय. थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल तरी असंच होतं. तो तपासणं सोपं आहे, काढून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा आणि पाणी तापवा, सोबत थर्मामीटर ठेवा. बऱ्याच थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, 82 किंवा 88 वगैरे, त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला सुरुवात झाली पाहिजे. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका, इंजिन नीट गरमच होत नाही आणि डिझेल-पेट्रोल जास्त खातं.

कूलंट कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय, नुसतं टॉप अप करत राहणं म्हणजे दुखणं वाढवणं. होजचे जोड, क्लिप, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची कड, पंपाखालचं छोटं भोक, सगळीकडे सुकलेल्या कूलंटचे रंगीत किंवा पांढरट डाग शोधा. केबिनमध्ये गोडसर वास येतो आणि काच आतून चिकट धुरकट होते म्हणजे हीटर कोर (हीटरचा तो छोटा रेडिएटर) गळतोय. काहीच दिसत नसेल तर प्रेशर टेस्टर लावा, इंजिन गार असताना कॅपवर लिहिलेल्या प्रेशरपर्यंत पंप मारा आणि दहा-पंधरा मिनिटं बघा. कॅपचीही टेस्ट करा, तिचं रबर कडक झालं की प्रेशर टिकत नाही, आणि इतका स्वस्त पार्ट कोणी बघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाहेर कुठेच गळती नाही पण कूलंट जातंय, गार इंजिन चालू केल्यावर दोनेक मिनिटांतच होज दगडासारखा कडक होतो, टाकीत सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर निघतो, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेलंय. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर वापरा, कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस असेल तर टेस्टरमधलं निळं लिक्विड पिवळं पडतं. इथे गळती बंद करणारी पावडर वगैरे टाकू नका, ती रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या पण बंद करते.

भरताना मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच कूलंट घ्या, रंगावर जाऊ नका, रंग कंपनीप्रमाणे बदलतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी, रेडीमिक्समध्ये पाणी घालायचं नाही. हळूहळू भरा, हीटर गरमवर ठेवा, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा, नाहीतर आत हवा अडकून एअर लॉक होतो आणि नवीन पार्ट टाकूनही गाडी तापते. फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग लेव्हल बघून भरा. जमिनीवर सांडलेलं लगेच धुवून टाका, एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसं चाटलं तरी जीवघेणं ठरतं. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी गार इंजिनवर टाकीची लेव्हल बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर राहिलेली हवा निघाली असेल, नंतरही उतरत राहिली तर गळती अजून आहे, लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी परत प्रेशर टेस्ट करा.