एका हळू यंत्रामुळे सगळं वाय-फाय अडखळतंय? असं सोडवा

शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि तरीही व्हिडिओ कॉल अडकतोय, तर प्लॅन वाढवायची घाई करू नका. आधी घरातलं सगळ्यात हळू यंत्र शोधा.

वाय-फायच्या एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, साधारणपणे एका वेळी एकच यंत्र बोलतं. सार्वजनिक नळावर जसा ज्याचा नंबर येईल त्याने एक हंडा भरायचा, तसंच. पण एखाद्याने निमुळत्या तोंडाचा कॅन आणला की मागची रांग खोळंबते. १५०० बाइटचं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक हंडा, ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत हवेतून जातं. १ एमबीपीएसने त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात. नंबर दोघांना सारखेच मिळतात, वेळ मात्र एकटा खातो.

राउटरच्या मागच्या स्टिकरवर सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड असतो. आत जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी उघडा. बऱ्याच राउटरवर प्रत्येकासमोर लिंक स्पीड दिसतो. जिथे आकडा एकेरी दिसेल, तिथे पाणी मुरतंय. आमच्याकडे तो गच्चीवरचा कॅमेरा निघाला. मी मात्र आठवडाभर लॅपटॉपला दोष देत होतो!

यंत्र जुनंच असतं असं नाही. दोन भिंतींपलीकडचा नवा फोनही सिग्नल कमी पडला की वेग उतरवतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा: राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा.

मग राउटरच्या दोन बँडना, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला, वेगळी नावं द्या. राउटरमध्ये दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारं 'स्मार्ट कनेक्ट' असेल तर ते आधी बंद करावं लागतं. कॅमेरे, प्रिंटर, स्मार्ट बल्ब २.४ गिगाहर्ट्झवर, लॅपटॉप आणि जवळचे फोन ५ वर. लांबच्या खोलीतलं यंत्र ५ वर ढकलू नका, ते आणखी रखडेल. २.४ वर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला चॅनल घ्या. टीव्हीला केबलच लावा.

'एअरटाइम फेअरनेस' हा पर्याय दिसला तर चालू करा. मग वाटणी हंड्यांवर नाही, घड्याळावर होते. २.४ चा मोड, म्हणजे वाय-फायच्या कुठल्या पिढ्या चालतील ते, 'बी/जी/एन' असेल तर 'जी/एन' करून पाहा. १९९९ च्या 'बी' प्रकारातले अतिमंद वेग त्याने बहुतेक राउटरवर बंद होतात. एखादा म्हातारा प्रिंटर मात्र त्यानंतर जोडला जाणार नाही. तसं झालं तर मोड पूर्ववत करा.

एवढं करूनही मोठी फाइल अपलोड होताना कॉल तुटत असेल, तर अडचण बहुधा हवेत नाही, बाहेरच्या लाइनवर आहे. राउटरमध्ये 'एसक्यूएम' (लाइनवरची रांग आवरणारी सोय) असेल तर स्पीड टेस्टमध्ये आलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा त्यात भरा, अपलोड आणि डाउनलोडची वेगवेगळी. मग तीच फाइल पुन्हा चढवत कॉल लावून बघा.