अमेरिकी गुप्तचर निधीचा वाद: आकडे कसे वाचावेत

आधी बातमीतला आकडा कोणत्या खात्याचा ते पाहा. सीआयए, एनएसए (फोन-इंटरनेट संदेश टिपणारी संस्था) वगैरे गुप्तचर संस्थांचा राष्ट्रीय कार्यक्रम वेगळा आणि सैन्याचा गुप्तचर कार्यक्रम वेगळा. २०२४ च्या आर्थिक वर्षात पहिल्याला ७६.५ अब्ज डॉलर मिळाले, दुसऱ्याला २९.८ अब्ज. एकट्या सीआयएचा आकडा शोधत बसू नका, तो जाहीरच होत नाही.

मग मागणी की मंजुरी ते तपासा. मागणी अर्थसंकल्पासोबत येते. मंजूर रक्कम ३० सप्टेंबरला वर्ष संपल्यावर, महिन्याभरात. यंदाची मागणी गेल्या वर्षीच्या मंजुरीशेजारी ठेवली की ‘कपात’ झाल्याचा भास होतो. इथेच बहुतेकांची गफलत होते.

खरी गुंतागुंत पुढे आहे. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, दोन विधेयके लागतात: गुप्तचर समित्यांचे अधिकृततेचे, ज्यात धोरण आणि कमाल मर्यादा ठरते, आणि विनियोजनाचे, ज्यातून पैसा सुटतो. हा पैसा बहुतांशी संरक्षण खात्याच्या विधेयकात दडलेला असतो. त्यामुळे पहिले अडले तरी दुकान बंद होत नाही. २००६ ते २००९ या चारही आर्थिक वर्षांत अधिकृततेचा कायदा झालाच नाही, तरी संस्था चालू राहिल्या. म्हणून ‘विधेयक रखडले’ वाचल्यावर विचारा, दोनांपैकी कोणते?

आणि भांडण पैशाचेच आहे का, हेही पाहा. मार्च २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी अधिकृततेच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला तो रकमेवरून नव्हे. सीआयएच्या चौकशीला लष्करी नियमपुस्तिका लावणारे, म्हणजे वॉटरबोर्डिंग (कैद्याच्या तोंडावर पाणी ओतून गुदमरवणे) बंद करणारे कलम त्यांना नको होते.