पावसाळ्यात पिल्लाला पॅडची सवय

कोल्हापुरात पावसानं धार धरली की पॉमेरेनियन, शिह त्झूसारख्या लहान जातीच्या कुत्र्याच्या इवल्या पिल्लाला बाहेर नेणं जमत नाही. शिवाय लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गाच्या धोक्यामुळं रस्त्यावर सोडायचंच नसतं. मग घरातच शी-शू करायला ओल शोषून घेणारा पॅड बरा.

पॅड एकाच कोपऱ्यात, जेवणाच्या भांड्यापासून आणि अंथरुणापासून लांब ठेवा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर पिल्लाला लगेच तिथं न्या. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपलीकडं दम धरत नाही, लहान जातीचं तर त्याहून कमी. पॅडवर शी-शू झाली की त्याच क्षणी खाऊ द्या. मिनिटभर उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. नव्या पॅडवर जुन्याचा ओला तुकडा ठेवा, वासानं जागा ओळखतं.

सोफ्यापाशी केलंच तर वासाचं मूळच मोडणारा एन्झाइमचा क्लीनर वापरा. साध्या फिनेलनं वास आपल्याला येईनासा होतो, त्याला येतच राहतो. पायपुसणी मात्र काही महिने उचलूनच ठेवा, पायाला मऊ लागलं की त्याला तोही पॅडच वाटतो. आणि पिल्लाचं नाक त्यानं केलेल्या घाणीत घासायची ती जुनी पद्धत नकोच. त्यानं पिल्लू फक्त पलंगाखाली लपून करायला शिकतं.