छाटणी झाली, आता ब्लोअर नदीवर धुऊ नका

गोदाकाठच्या द्राक्ष बागायतदारांसाठी, ऑक्टोबर-नोव्हेंबर

निफाड तालुक्यात छाटणी उरकत आली की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारण्या पाठोपाठ सुरू होतात. नेमक्या याच दिवसांत नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक उतरू लागतात. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या ब्रिटिशकालीन दगडी बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला आणि ही पाणथळ तयार झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, तीच. आजूबाजूच्या विहिरींनाही तिच्या मुरत्या पाण्याचा आधार आहे.

म्हणून सगळ्यात आधी एकच कळकळीचं सांगणं: फवारणी संपली की ट्रॅक्टर आणि ब्लोअर (फवारणीचं यंत्र) काठावर नेऊन टाकी धुण्याची सवय मोडा. बोर्डो किंवा दुसऱ्या ताम्रयुक्त औषधाचं थोडं पाणीही माशांच्या पिल्लांना आणि गोगलगायींना बाधतं. तांबं विरत नाही, गाळात साठत जातं. बदकं आपलं खाणं त्याच गाळात शोधतात. लागेल तेवढंच द्रावण करा. टाकी बागेतच विसळा आणि ते पाणी कडेच्या ओळींवर फवारून संपवा. रिकामी बाटली तीनदा विसळून पाणी टाकीत ओता, मग बाटलीला भोक पाडा. यातलं काहीही विहिरीच्या कठड्याजवळ करू नका.

गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन, कसणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. तिथे टाकलेला युरिया आणि औषध पुढच्या पावसात थेट पाण्याखाली जातं. शहरांच्या सांडपाण्यावर जलपर्णी आधीच पोसली जातेय, तिला आपण आणखी खत का घालायचं? ओलावा धरून ठेवणाऱ्या कसदार गाळात हरभरा थोडक्या खतावर येतो, माझ्या मते तोच घ्यावा.

काठाकडची १०-१५ फुटांची पट्टी नांगरू नका. तिथे पवना, मारवेल वाढू द्या. मुळं माती धरतात, गुरांना कापून चाराही होतो. पाणकणीस पेटवू नका, पाणकोंबड्यांचा आसरा तोच. जलपर्णी फुलण्याआधी ओढून काढा आणि पाण्यापासून लांब वाळवा.

पेरलेल्या गव्हा-हरभऱ्यात पक्षी उतरले तर चमकती रिबन बांधा, पहाटे चक्कर मारा. विषारी दाणे टाकणं हा गुन्हा आहे, आणि त्या दाण्यांनी शेतातले मोर, तितर आणि घरच्या कोंबड्याही मरतात.