पेट्रोलचा वास येतोय? गाडीच्या नळ्या आणि जोड असे तपासा

गाडीत पेट्रोलचा वास आला की आपण काच खाली करतो आणि पुढे निघतो. कृपा करून असं करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बंद गॅरेजात जमिनीलगत साचून राहते आणि पेटायला एक ठिणगी पुरते. तपासणी मात्र घरच्या घरी, अर्ध्या तासात होते.

गाडी उघड्यावर लावा आणि सकाळी, इंजिन गार असतानाच बघा. आमच्या जुन्या गाडीला थंडीत पहिल्या स्टार्टलाच वास यायचा. मेकॅनिककडे पोचेपर्यंत इंजिन तापायचं, आकसलेलं रबर फुगून जोड घट्ट बसायचा आणि गळती सापडायचीच नाही. दोन महिने असे गेले.

विडी-सिगारेट लांब ठेवा. तारेचा लोंबता बल्ब नको, एलईडी टॉर्च आधीच लावून आणा. आग विझवायचा सिलेंडर हाताशी असू द्या.

आता टाकीपासून फिल्टर, फिल्टरपासून इंजिन अशी नळी धरत चला. मधला भाग सहसा धडधाकट असतो. दगा देतं ते टोक, क्लिपच्या आतबाहेरचा इंचभर भाग. तिथे नळी हलकेच वाकवा. सरळ असताना गुळगुळीत दिसणाऱ्या रबरावर वाकवताच केसासारख्या बारीक चिरा उघडतात. दाबून बघा : लाकडासारखी कडक, फुगलेली किंवा बोटाला चिकटणारी नळी गळत नसली तरी बदलाच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. जोडाभोवती धूळ ओलसर होऊन चिकटली असेल किंवा पिवळट डाग असेल, तर तिथेच पाझर आहे.

मग दाबाखाली बघा. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पंपाच्या दाबाने पेट्रोल इंजिनात फवारलं जातं, चावी ऑन करा, स्टार्ट करू नका. पंप दोन-तीन सेकंद घरघरतो. असं दोन-तीनदा केलं की लाइनमध्ये दाब भरतो. प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा टिश्यू टेकवा. इंजेक्टरच्या, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीच्या, ओरिंगपाशी (गोल रबरी कडीपाशी) टेकवायला विसरू नका. कार्ब्युरेटरच्या (जुन्या पद्धतीच्या, इंजेक्शन नसलेल्या) बाइकला पेट्रोल कॉक उघडून पाच मिनिटं थांबलं तरी पुरे.

टिश्यू ओला झाला तर चावी बंद, आणि गाडी सुरू न करता मेकॅनिकला घरी बोलवा. इंजेक्शनच्या लाइनचा जोड स्वतः सोडू नका, आत साधारण 3 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या तिप्पट, दाब असतो. नवी नळी इंजेक्शनसाठीचीच घ्या, तिच्यावर 'एसएई जे30 आर9' असं छापलेलं असतं. कार्ब्युरेटरची नळी तिथे टिकत नाही. क्लिपही जोर लावून आवळू नका, पट्टी रबरात रुतते आणि नळी तिथेच फाटते.

डिझेलच्या कॉमन रेल गाडीत (जिथे प्रचंड दाबाने डिझेल फवारलं जातं) इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका. हजार बारच्या पुढचा तो फवारा कातडीतून आत शिरतो. सीएनजीच्या जोडांना साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात, पण दुरुस्ती अधिकृत केंद्रातच.

नळी बदलून आणली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनवर, पुन्हा टिश्यू लावून बघा.